विचारणारे, सांगणारी आणि लिहून घेणारे

(बुलढाणा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय 'नाटक-सिनेमातली भाषा आणि सत्ता' असा ठेवला आहे. ऐकून काहीजणींना वाटलं असेल, हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम. आपल्याला पोटगी, रेशनकार्ड, दारूचा गुत्ता एवढे प्रश्न पुरेसे आहेत. पण मी आधी कितीतरी वर्षं कॉलेजात मराठी शिकवत होते आणि आता आठवड्यातून एक दिवस समुपदेशन केंद्रात बसते. या दोन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसत आली. बाई काय सांगते यावर फारसं काही ठरत नाही. तिला प्रश्न कोण विचारतं, उत्तर कोणत्या शब्दांत द्यायला लावतं आणि ते उत्तर कागदावर कोण उतरवतं, यावर बरंच ठरतं. काही नाटकं हा व्यवहार आपल्यासमोर उघडा करून ठेवतात. म्हणून आज नाटकाबद्दल बोलता बोलता मी कोर्टाबद्दलही बोलणार आहे.

आधी आपल्याच जिल्ह्यातला एक अनुभव सांगते. बाईचं नाव-गाव सांगत नाही. ती आमच्या केंद्रात आली तेव्हा म्हणाली, "मले रातच्याले घराभाईर काढलं, आन् आतून कडी लावून घेतली. लेकरू आतच रायलं." तिच्या हातात तिच्याच तक्रारीची प्रत होती. त्यात लिहिलं होतं, 'किरकोळ घरगुती वादातून अर्जदार ही माहेरी राहण्यास गेली आहे.' आता बघा. काढणारा माणूस वाक्यातून गेला. रात्र गेली. कडी गेली. लेकरू गेलं. उरली ती फक्त माहेरी निघून गेलेली बाई. लिहून घेणाऱ्यानं एकही शब्द वाईट वापरलेला नाही, शिवी दिलेली नाही. उलट चांगल्या, शुद्ध, सरकारी मराठीत लिहिलं आहे. पण त्या शुद्ध मराठीत तिचं म्हणणं मावलंच नाही. खाली मात्र तिचा अंगठा आहे.

भाषा आणि सत्ता म्हणजे काय, ते मला वाटतं या एका वाक्यात आहे.

हे ओळखणारी पहिली बाई याच बुलढाण्याची होती, हे आपण विसरून चालणार नाही. ताराबाई शिंदे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथल्या सरकारी कचेरीत होते आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. लोकलाजेच्या भीतीनं तिनं आपलं नवजात मूल मारलं, असा आरोप होता. फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य करण्यात आली. पण तेवढ्या काळात वर्तमानपत्रांतून 'आजकालच्या बायका' या विषयावर पुरुषांच्या लेखण्यांना ऊत आला. त्या गलक्याला उत्तर म्हणून ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक छापून आणलं.

या पुस्तकातल्या विचारांबद्दल आपल्यात पुष्कळ बोललं जातं. मला आज त्यातल्या बोलण्याच्या पद्धतीकडे लक्ष वेधायचं आहे. बायकांच्या अवगुणांची जी जुनी यादी पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जात होती, ती ताराबाई हातात घेतात आणि एकेक मुद्दा उचलून पुरुषांना विचारतात की हा अवगुण तुमच्यात नाही का. आरोपीच्या पिंजऱ्यात बाई उभी होती. ताराबाईंनी तिला तिथून खाली उतरवलं, पुरुषजातीला पिंजऱ्यात उभं केलं आणि उलटतपासणी सुरू केली. तीही दमदार, खडखडीत, घरातल्या बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत. त्यांनी 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' या त्या वेळच्या कादंबऱ्यांचा आणि 'मनोरमा' या नाटकाचाही समाचार घेतला आहे. म्हणजे पुस्तकांत आणि रंगभूमीवर बाईचं चित्र कोण काढतं, कशासाठी काढतं, हा प्रश्न बुलढाण्यात एकशे चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी विचारला गेला होता. आपण आज काही नवीन करत नाही आहोत.

त्या पुस्तकाचं झालं काय? टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकातून ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे पुस्तकही विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापलं तेव्हा लोकांच्या हाती आलं. पिंजऱ्यातून उतरून प्रश्न विचारणाऱ्या बाईला गप्प करण्यासाठी बंदी घालावी लागत नाही. तिचं ऐकलंच नाही की काम होतं.

आता विजयालक्ष्मीच्या खटल्यापासून पुढे या, १९६७ सालात. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक त्या वर्षी 'रंगायन'नं केलं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. ज्यांनी पाहिलं-वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. मुंबईची एक हौशी मंडळी एका गावात कार्यक्रमाला आलेली आहे. रात्री त्यांना अभिरूप न्यायालय, म्हणजे खोटं-खोटं कोर्ट, करून दाखवायचं आहे. हाताशी वेळ आहे म्हणून ते गंमत म्हणून तालमीसारखा एक खटला रचतात आणि आरोपी म्हणून बेणारे या अविवाहित शिक्षिकेला उभं करतात. आरोप ठेवतात भ्रूणहत्येचा. खेळता खेळता तिचं खरं आयुष्य बाहेर ओढलं जातं. ती गरोदर आहे, आणि त्याला कारण असलेले प्राध्यापक दामले त्या दिवशी आलेलेच नाहीत.

या नाटकात एकही माणूस बेणारेवर हात उगारत नाही. सगळं भाषेनं होतं. कसं, ते जरा सावकाश बघू.

पहिली गोष्ट, खेळाची भाषा. सुरुवातीला सगळे हसत असतात. बेणारेही हसते. खटला बोचायला लागला आणि ती उठली, की तिला सांगितलं जातं, अहो हा खेळ आहे, एवढं काय मनावर घेता. आणि शेवटी ती उद्ध्वस्त होऊन पडली असताना तीच माणसं पुन्हा साधी, रोजची होतात आणि खेळच तर होता म्हणून तिची समजूत काढायला लागतात. मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नाही? एस.टी.त, ऑफिसात, दीर-नणंदांच्या घोळक्यात, "अगं, गंमत केली." गंमत कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे ठरवण्याचा अधिकार गंमत करणाऱ्याकडेच राहतो. ज्याच्याकडे हा अधिकार, त्याच्याकडे सत्ता.

दुसरी गोष्ट, कोर्टाची भाषा. काशीकर न्यायाधीश, सुखात्मे वकील. सुखात्मे मोठे वकील नाहीत, पोंक्षे शास्त्रज्ञ म्हणवतात पण इंटर नापास आहेत, प्रत्येकाच्या आयुष्यात काहीतरी हुकलेलं आहे. पण अंगावर काळा डगला चढला आणि तोंडात कोर्टातले ठरावीक शब्द आले, की हीच माणसं उंच होतात. सुखात्मे तर फिर्यादीचेही वकील होतात आणि आरोपीचेही. म्हणजे तिच्या विरुद्धही तेच बोलणार आणि तिच्या बाजूनंही तेच बोलणार. सामंत नावाचा गावातला भोळा माणूस साक्षीदार म्हणून उभा केला जातो, तो हातातल्या कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगून मोकळा होतो, आणि तोही पुरावा धरला जातो. शेवटी न्यायाधीश स्वतःच उठून साक्ष द्यायला येतात. नियम पाळायचे ते फक्त आरोपीनं.

तिसरी गोष्ट, बाईनं बाईला गप्प करणं. काशीकरबाईंना नवरा चारचौघांत बोलू देत नाही, सतत तोडतो. पण बेणारेला ओढून पिंजऱ्यात उभं करायची वेळ येते तेव्हा त्याच पुढे होतात. तोंड बंद केलेल्या बाईला जेव्हा थोडी सत्ता मिळते, तेव्हा ती बहुधा दुसऱ्या बाईवरच चालवायला मिळते. आपल्या घराघरातल्या सासवांचं दुःख तेंडुलकरांनी या एका पात्रात नेमकं पकडलं आहे.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. शेवटी आरोपीला बोलायला काही सेकंद दिले जातात. बेणारे बोलते, खूप बोलते, आयुष्यभराचं बोलते. पण त्या वेळी बाकीची सगळी पात्रं जागच्या जागी थिजलेली असतात. तिचं बोलणं फक्त आपण प्रेक्षक ऐकतो. कोर्टाच्या कागदावर ते एका अक्षरानंही येत नाही. लगेच निकाल येतो, आणि निकाल काय? पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या कोर्टानं भ्रूणहत्येचा आरोप ठेवला, तेच कोर्ट भ्रूणहत्येचा हुकूम देतं. त्या वेळच्या दंडविधानात आईचा जीव वाचवण्यापलीकडे गर्भपात हा गुन्हाच होता, म्हणजे न्यायाधीश गुन्ह्याचा हुकूम देत होते. आणि दामले? त्यांना कोणी आरोपी करत नाही. १८८१ च्या सुरतेत मुलाचा बाप पिंजऱ्यात नव्हता, १९६७ च्या रंगमंचावरही नाही.

१९७१ साली सत्यदेव दुबे यांनी या नाटकावर चित्रपट केला. छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं, बेणारे पुन्हा सुलभाताईच. त्याच वर्षी संसदेत वैद्यकीय गर्भपाताचा कायदा मंजूर झाला. पण अविवाहित बाईला या कायद्याचा लाभ विवाहितेइतकाच मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट शब्दांत सांगायला २०२२ साल उजाडलं.

नाटक आणि सिनेमात एक फरक आहे, तो सांगते. नाटकात आपण समोर बसतो, सगळी पात्रं एकाच वेळी दिसतात, आणि कोणाकडे बघायचं हे आपण ठरवतो. सिनेमात ते कॅमेरा ठरवतो. म्हणून मी मुलींना सांगत असे, सिनेमा बघताना कोण बोलतंय ते ऐका, आणि त्याच वेळी कोण दिसतंय ते बघा. बाई बोलत असताना पडद्यावर ऐकणाऱ्या पुरुषाचा चेहरा असेल, तर तिच्या बोलण्याचा निकाल तो चेहरा देतो. बाईवर अत्याचार होत असताना पडद्यावर तिचं शरीरच दिसत असेल, तर कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघतो आहे हे वेगळं सांगायला नको.

कोणी म्हणेल, हे नाटकातलं कोर्ट. खऱ्या कोर्टात असं थोडंच होतं? मग आपल्या विदर्भातली मथुरा आठवा. देसाईगंजची आदिवासी मुलगी. १९७२ मध्ये पोलीस ठाण्यातच तिच्यावर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं तिलाच खोटारडी ठरवलं आणि तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं नोंदवलं. उच्च न्यायालयानं सांगितलं की भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, आणि पोलिसांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि ती ओरडली नव्हती. तिचं गप्प राहणं हेच तिचं 'हो' म्हणून वाचलं गेलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार, रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. तक्रार करणाऱ्या बाईचं चारित्र्य काढण्याची मुभा देणारं साक्षीपुराव्याच्या कायद्यातलं कलम तर २००३ साली गेलं. आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतः एक पुस्तिका काढली, बायकांबद्दल निकालपत्रांत आणि युक्तिवादांत कोणते शब्द वापरू नयेत आणि त्याऐवजी कोणते वापरावेत हे सांगणारी. म्हणजे शब्दांनी अन्याय होतो, हे आपण म्हणत होतो ते अखेर न्यायालयानंही कागदावर मान्य केलं.

पण शब्द बदलले तरी नोंदवण्याची पद्धत उरतेच. ज्यांनी कोर्टात साक्ष दिली असेल त्यांना हे माहीत आहे. साक्ष बहुतेक वेळा प्रश्न आणि उत्तर अशी लिहीत नाहीत, सलग लिहितात. समजा, उलटतपासणीत वकील विचारतो, "तुमचे शेजाऱ्याशी संबंध होते, म्हणून नवरा चिडायचा, खरं ना?" बाई म्हणते, "नाही." कागदावर येतं, 'माझे शेजाऱ्याशी संबंध होते व त्यामुळे माझे पती चिडत असत, हे म्हणणे खरे नाही.' ती बोलली एकच शब्द. पण वकिलाचा सगळा आरोप आता तिच्या तोंडचं वाक्य होऊन बसला. अशी दहा-बारा वाक्यं ओळीनं वाचली, की शेवटचं 'खरे नाही' नजरेतून निसटतं आणि डोक्यात आरोपच राहतो. सामंताच्या हातातल्या कादंबरीची मला अशा वेळी आठवण येते.

आता थोडं दूर, अमेरिकेत जाऊ. आपल्याला वाटतं तिकडच्या बायका मोकळ्या आहेत, तिकडे हे नसेल. टेनेसी विल्यम्सचं 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे १९४७ चं नाटक. तेंडुलकरांनीच ते 'वासनाचक्र' नावानं मराठीत आणलं. ब्लांश ही नोकरी गेलेली शिक्षिका बहिणीच्या घरी आश्रयाला येते. तिची भाषा नाजूक, पुस्तकी. मेहुण्याची, स्टॅन्लीची भाषा रांगडी, हुकमाची. बहीण बाळंतपणासाठी दवाखान्यात असताना तो ब्लांशवर बलात्कार करतो. ब्लांश बहिणीला सांगते. पण बहिणीपुढे पेच असा, की तिचं खरं मानलं तर नवऱ्याबरोबर नांदता येणार नाही. म्हणून ती ते खरं मानत नाही, आणि ब्लांशची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. बाईचं म्हणणं खोटं ठरतं ते पुराव्याअभावी नव्हे. ते खरं मानणं कोणालाच परवडत नाही, म्हणून.

१९५१ मध्ये एलिया कझान यांनी त्यावर सिनेमा केला. नाटकही त्यांनीच बसवलं होतं. पण हॉलिवूडची तेव्हाची नीतिनियमावली आडवी आली. बलात्काराचा प्रसंग धूसर करावा लागला, आणि खलपुरुषाला शिक्षा झाली पाहिजे म्हणून शेवट बदलला. नाटकात बहीण नवऱ्याजवळ राहते. सिनेमात ती मूल घेऊन परत न येण्याचं ठरवून शेजारणीकडे जाते. वरवर बघता आपल्याला हा शेवट आवडावा. बाई घर सोडते! पण ती घर का सोडते, हे मोकळेपणानं दाखवायला मात्र परवानगी नव्हती. निर्णय बाईचा दिसतो, तो घेतलेला असतो नीतीच्या राखणदारांनी.

दुसरं एक नाटक आपल्याला अवघड जाणारं आहे, पण ते टाळू नये. डेव्हिड मॅमेटचं 'ओलिआना'. १९९२ मध्ये रंगमंचावर आलं आणि १९९४ मध्ये मॅमेटनं स्वतःच त्याचा सिनेमा केला. पात्रं दोनच, एक प्राध्यापक आणि एक विद्यार्थिनी, कॅरल. पहिल्या भागात तिला त्याचे जड शब्द कळत नाहीत. ती वही काढून लिहून घेते, अर्थ विचारते, आणि तो तिचं बोलणं तोडून फोन घेतो. पुढच्या भागात ती त्याच्याविरुद्ध छळाची तक्रार करते, आणि आता शब्द तिच्याकडे आहेत. हे शब्द तिला कोणत्या तरी गटानं दिले आहेत असं नाटक सुचवतं. शेवटी प्राध्यापक तिला मारतो, आणि तेव्हा काही प्रयोगांत प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्याचं त्या वेळी लिहिलं गेलं आहे. अनीता हिल या प्राध्यापिकेनं होऊ घातलेल्या न्यायाधीशाविरुद्ध अमेरिकन सिनेटपुढे साक्ष दिली, त्याला तेव्हा एक वर्षही झालेलं नव्हतं.

नाटककाराचं पारडं कुठे झुकतं, यावर वाद आहेत आणि होत राहतील. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं असं, की प्राध्यापकाची भाषा कोणी शिकवली, हे नाटकात कोणी विचारत नाही. ती विद्यापीठानं शिकवली, पदानं शिकवली. पण ती त्याची 'स्वतःची' मानली जाते. बाईनं मात्र दोन शब्द ठामपणे उच्चारले, की लगेच, "तुला कोणी शिकवून पाठवलं?" १९९७ मध्ये विशाखा निकालानं आणि २०१३ च्या कायद्यानं कामाच्या ठिकाणच्या छळाला नाव दिलं. त्याआधी आपल्याकडे काय शब्द होता? 'साहेब जरा तसे आहेत.' नाव मिळालं म्हणून तक्रार करता आली. होय, आम्ही शिकवतो. एकमेकींना शब्द देणं हेच तर आपलं काम आहे. फक्त एवढं जपायचं, की आपले शिबिरातले शब्द बाईच्या तोंडी कोंबून आपणही लिहून घेणाऱ्यांसारखं वागायचं नाही. 'मानसिक व शारीरिक छळ' असं छापील लिहिण्याआधी तिची कडी, तिची रात्र, तिचं लेकरू कागदावर आलं पाहिजे.

शेवटचं उदाहरण पुन्हा तेंडुलकरांचं, 'कमला'. १९८१ मध्ये अश्विनी सरीन या पत्रकारानं मध्य प्रदेशात एक बाई चक्क विकत घेऊन बायकांचा बाजार चालतो हे सिद्ध केलं. त्या घटनेवरून हे नाटक आलं, आणि १९८४ मध्ये जगमोहन मुंदडा यांचा हिंदी चित्रपट, शबाना आझमी आणि दीप्ती नवल यांचा. नाटकातला पत्रकार जयसिंग कमलाला पत्रकार परिषदेत नेतो. तिथे तिला कोणते प्रश्न विचारले, लोक कसे हसले, हे तो घरी येऊन रंगवून सांगतो. तिच्या सुटकेसाठी भरवलेल्या सभेत ती पुन्हा एकदा प्रदर्शनाची वस्तू होते. पण घरात कमला आणि जयसिंगची बायको सरिता दोघीच असतात, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न कमला विचारते. निरागसपणे विचारते, की साहेबांनी तुम्हाला कितीला घेतलं? त्या एका प्रश्नानं सरिताला, शिकल्यासवरल्या, इंग्रजी बोलणाऱ्या बाईला, आपलं स्वतःचं घर नव्यानं दिसतं. कोणीही लिहून घेणारं तिथे नव्हतं, म्हणूनच हा प्रश्न विचारला गेला.

आपल्या चळवळीनंही या अनुभवातूनच आपली नाटकं उभी केली. स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ साली आलं आणि गावोगाव फिरलं. सुषमा देशपांडे यांनी १९८९ पासून 'व्हय, मी सावित्रीबाई' एकटीनं उभं केलं. त्या नावातला 'व्हय' बघा. सावित्रीबाई स्वतः, आपल्या बोलीत, 'मी' म्हणून बोलतात. आपल्याकडे वऱ्हाडी बोलणारी बाई नाटक-सिनेमात बहुधा मोलकरीण म्हणून किंवा हसवायला येते. 'मले' आणि 'तुले' ऐकलं की लोक हसायला तयारच असतात. मग तीच बाई ठाण्यात गेली की गप्प होते, यात नवल काय?

तेव्हा कार्यकर्त्या म्हणून काय करायचं, ते सांगून थांबते. बाईबरोबर ठाण्यात जाल तेव्हा तिची तक्रार तिच्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा. लिहून झाल्यावर ती तिला वाचून दाखवली पाहिजे, आणि गुन्हा नोंदला गेला की एफ.आय.आर.ची प्रत तिला फुकट मिळाली पाहिजे. दोन्ही कायद्यात आहे. वाचून झाल्याशिवाय सही-अंगठा नको. कोर्टातली साक्षही वाचून दाखवायची असते आणि चूक असेल तर तिथल्या तिथे हरकत घेता येते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो.

आणि आपल्या गटांमधून 'शांतता!' मोठ्यानं वाचा. नेपथ्य नको, पाठांतर नको, दहा जणी पुरेत. एकदा वाचून झालं की जागा बदला. बेणारेला खुर्चीवर बसवा, दामल्यांना पिंजऱ्यात आणा आणि सगळ्याजणी मिळून त्यांना प्रश्न विचारा. बुलढाण्यातून ताराबाईंनी हेच केलं होतं. जेवणानंतर आपण ते इथेच करून बघणार आहोत. दामले कोण होणार, तेवढं जेवता जेवता ठरवून ठेवा.